कोंबडीच्या सॅल्मोनेलाचं जीनोम सिक्वेन्सिंग: ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका लॅबचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा स्टार फक्त तिथल्या बायोइन्फॉर्मेटिक्सवाल्या (म्हणजे वाचलेला डीएनए कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या) मॅडमचा, त्या नसत्या तर तीनवर विषय संपला असता. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला उगाच कोणाशी वाकडं घ्यायचं नाही, ज्याला हे काम, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए (जीनोम) अक्षर-अक्षर वाचणं, करून घ्यायचंय तो तसाही चार ठिकाणी कोटेशन मागवणारच, तेव्हा काय विचारून घ्यायचं एवढं यातून कळलं तरी बास.

मी पोल्ट्रीचा व्हेट. राहायला घणसोली, फार्म सगळे मुरबाड, शहापूर नि कर्जत साईडला. माझे शेतकरी इंटिग्रेशनवाले (पिल्लू-खाद्य कंपनीचं, वाढवणं आपलं, असे करारवाले) नाहीत, स्वतः हॅचरीतून एक दिवसाचं पिल्लू विकत घेतात, वाढवतात आणि माल तळोज्याच्या एका प्रोसेसिंग प्लांटला जातो. तर झालं असं की त्या प्लांटवाल्यांना तीन वेगवेगळ्या फार्मच्या मालात सॅल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब लावणारा जंतू, सापडला. २५ ग्रॅममध्ये एकही नको असा नियम असतो, त्यामुळे लगेच मेल आला की सोर्स शोधा नाहीतर पुढच्या लिफ्टिंगचं (फार्मवरून कोंबड्या उचलण्याचं) बघू. आता सोर्स शोधा म्हणणं सोपं आहे हो. एक फार्मवाला म्हणतो उंदीर, दुसरा म्हणतो शेजारच्या शेडवरून कावळे येतात, तिसरे काका तर थेट मलाच म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच या शेडमधून त्या शेडमध्ये बूट घालून फिरता की."

प्लेटवर जंतू वाढवून अँटिबायोटिकच्या डिस्क लावून बघितलं (औषध चाललं तर डिस्कभोवती मोकळा गोल दिसतो, तो झोन; नाही चाललं तर जंतू रेझिस्टंट) तर तिन्ही जंतू अगदी सारखे. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडला झोनच नाही, सिप्रोला रेझिस्टंट, टेट्राला रेझिस्टंट, जेंटाला मात्र मस्त मोठा झोन. पण सारखा झोन म्हणजे सारखा जंतू असं काही नसतं. सिप्रो-रेझिस्टंट सॅल्मोनेला आपल्याकडे कोंबडीत दुर्मिळ नाहीच, एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन जंतू पण असेच दिसू शकतात. इथे डिस्कचा उपयोग संपतो आणि इथेच जीनोमची गरज लागते. पूर्वी डीएनएचे तुकडे जेलवर पळवून पट्ट्या जुळवायचे, अमेरिकेत पल्सनेट नावाचं जे नेटवर्क आहे ते वर्षानुवर्षं त्यावरच चालायचं, २०१९ मध्ये त्यांनी ते सोडून पूर्ण जीनोम वाचायला सुरुवात केली. तिकडच्या अन्न-औषध खात्याचं, म्हणजे एफडीएचं, जीनोमट्रॅकर नावाचं असंच नेटवर्क तर २०१२ पासून चालू आहे. म्हणजे टेक्नॉलॉजी काही नवीन नाही, आपल्याकडे एका साध्या पोल्ट्री डॉक्टरला परवडेल अशा रेटला आता कुठे मिळायला लागलीय इतकंच.

रेट सांगतो म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवा. एका आयसोलेटला (सॅम्पलमधून वेगळा काढून वाढवलेला एक जंतू) दहा हजारांच्या आत, वर १८ टक्के जीएसटी. यात डीएनए काढणं, लायब्ररी (तो डीएनए मशीनसाठी तयार करणं), इल्युमिना मशीनवर सिक्वेन्सिंग आणि बेसिक रिपोर्ट. लाँग रीड (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणं) पाहिजे असेल तर जवळपास तेवढेच परत. खर्च तिघा फार्मवाल्यांनी वाटून घेतला, काकांनी थोडी कुरकुर केली पण एका बॅचची लिफ्टिंग लटकली तर किती जातात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सॅम्पल देणं. हे म्हणजे कोंबडी किंवा विष्ठा नेऊन द्यायची नाही, प्युअर कल्चर द्यायचं, एका कॉलनीपासून वाढवलेलं, स्लँटवर (नळीतल्या तिरक्या आगरवर), तीन थरांच्या पॅकिंगमध्ये. पिकअप आहे पण फक्त वाशी ते ठाणे पट्ट्यात, तळोजा म्हटल्यावर एक्स्ट्रा चार्ज. मी स्वतःच नेऊन दिलं. गेटवर सिक्युरिटीने डबा उघडायला सांगितला, मी म्हटलं दादा यात सॅल्मोनेला आहे, तर त्याने दोन पावलं मागे जाऊन रजिस्टर पुढे सरकवलं.

मग फॉर्म. यावर मला खरंच हसू आलं. लॅबचा मेन धंदा माणसांच्या सॅम्पलचा, त्यामुळे फॉर्मवर पेशंटचं नाव, वय, लिंग, रेफर करणारे डॉक्टर. रिसेप्शनवरच्या पोरीला म्हटलं हे कोंबडीचं आहे, ती म्हणाली, "सर, काहीतरी भरा, रिकामं ठेवलं तर सिस्टीम पुढे जात नाही." मग नाव ब्रॉयलर, वय ३८ (दिवस हो), लिंग माहीत नाही. रिपोर्टवर छापून आलं: ब्रॉयलर, ३८ वर्षं. प्लांटच्या क्वालिटीवाल्याला हा रिपोर्ट फॉरवर्ड करायचा होता, त्यामुळे हसून सोडून देता येईना, दुरुस्त करायला दोन मेल टाकावे लागले. अन्न किंवा जनावरांचे सॅम्पल घेताय तर प्राणी, मटेरियल, गोळा केल्याची तारीख, जिल्हा एवढे रकाने तरी हवेत राव. या कामासाठी आयएसओ २३४१८ नावाचं स्टँडर्ड २०२२ मध्ये आलंय, त्यात सॅम्पलसोबत कुठली माहिती ठेवायची याला पण तेवढंच महत्त्व दिलंय. जीनोम कितीही भारी वाचला तरी तो कुठल्या शेडचा हेच नीट लिहिलं नसेल तर करायचं काय त्याचं.

वेळेबद्दल: दहा ते बारा वर्किंग डेज सांगितले होते, तीन आठवड्यांच्या वर गेले. कारण विचारलं तर ही शेअर रिक्षासारखी भानगड आहे, मशीनची एक रन पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत कारण फ्लो सेलचा (मशीनमधल्या वाचायच्या चिपचा) खर्च तेवढाच येतो, सॅम्पल चार असोत की पन्नास. हे मला समजतं, पण मग कोटेशनवर बारा दिवस लिहू नका ना. शेडमध्ये तोवर अर्धी बॅच मोठी होते. ज्यांना आऊटब्रेकमध्ये घाई आहे त्यांनी हे आधीच लेखी घ्या.

आता आत काय करतात ते थोडक्यात, कारण रिपोर्ट समजायला हे लागतं. सॅल्मोनेलाचा जीनोम साधारण ४८ लाख अक्षरांचा. मशीन तो सलग वाचत नाही, डीएनएचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं दीडशे-दीडशे अक्षरं वाचतं, आणि प्रत्येक जागा सरासरी पन्नास-शंभर वेळा वाचून होईल एवढे तुकडे घेतं म्हणजे एखाद्या रीडमध्ये (एका तुकड्याच्या वाचनात) चूक असली तरी बाकीच्यांवरून कळते. मग सॉफ्टवेअर हे तुकडे जुळवून लांब पट्टे बनवतं. पूर्ण गोल जीनोम यातून सहसा निघत नाही, पन्नास-शंभर पट्टे निघतात, कारण जी अक्षरांची रांग जीनोममध्ये चार-पाच ठिकाणी सारखीच आहे तिथे सॉफ्टवेअर अडकतं. आणि गंमत म्हणजे रेझिस्टन्सचे जीन बरेचदा नेमके अशाच जागांच्या आजूबाजूला बसलेले असतात.

रिपोर्टचं पहिलं पान क्वालिटीचं, आणि इथे पैकीच्या पैकी. कव्हरेज (प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली) किती, पट्टे किती, जीनोमची लांबी किती, भेसळ आहे का, सगळं दिलंय. आमच्या एका आयसोलेटची लांबी ४८ लाखांऐवजी जवळपास ८८ लाख भरली. हा आयसोलेट मी वाढवलेला नव्हता, दुसऱ्या एका लॅबकडून तसाच आला होता. मॅडमचा रिपोर्टच्या आधीच फोन, "डॉक्टर, यात दोन जंतू आहेत, दुसरा प्रोटियस दिसतोय, परत स्ट्रीक करून, एकच कॉलनी उचलून पाठवता का? दुसऱ्यांदा चार्ज नाही लावणार." ज्यांनी एक्सएलडी प्लेटवर (सॅल्मोनेला वाढवून ओळखायची प्लेट) काम केलंय त्यांना माहितीये, प्रोटियसच्या पण काळ्या टिकलीच्या कॉलनी येतात आणि नवशिक्या माणूस त्याला सॅल्मोनेला समजून उचलतो. दुसरी एखादी लॅब असती तर ८८ लाखांचा कचरा तसाच पीडीएफ करून बिलासकट पाठवला असता, मी असे रिपोर्ट बघितलेत.

दुसरं पान ओळखीचं. तिन्ही जंतू सेरोव्हार (सॅल्मोनेलाची उपजात) केंटकी, सिक्वेन्स टाईप (एसटी, म्हणजे डीएनएवरून ठरलेला प्रकार) १९८. चिकनच्या फेमस दुकानाशी याचा काही संबंध नाही, अमेरिकेतल्या राज्यावरून नाव पडलंय. पण हा एसटी १९८ जगभर नावाजलेला बदमाश आहे. २००० च्या दशकात इजिप्तला जाऊन आलेल्या फ्रेंच टुरिस्टांमध्ये सिप्रोला दाद न देणारा हा प्रकार दिसायला लागला आणि मग आफ्रिका, आखात, आशिया असा पसरला, कोंबडी हे त्याचं मोठं वाहन. पूर्वी हे सेरोटायपिंग करायला अँटीसेराच्या (जंतूचा प्रकार ओळखायच्या अँटिबॉडीच्या) बाटल्या घेऊन बसायला लागायचं आणि एवढ्या सगळ्या अँटीसेरा एका लॅबकडे असणं अशक्य, आता जीनोममधून फुकटात निघतं.

तिसरं पान रेझिस्टन्सचं, आणि एक अख्खा स्टार इथे गेला.

पहिली गोष्ट, तिन्ही आयसोलेटसमोर लाल चौकोनात अमायनोग्लायकोसाईड (जेंटा ज्या गटातलं तो गट) रेझिस्टंट. मी चक्रावलो, कारण प्लेटवर जेंटाचा झोन मी स्वतः पट्टी लावून मोजलाय. खाली बारीक अक्षरात जीनचं नाव एएसी-६-आयएए. तर हा जीन जवळजवळ प्रत्येक सॅल्मोनेलाच्या क्रोमोझोममध्ये जन्मजात असतो आणि तसा झोपलेलाच असतो, त्याच्यामुळे औषध फेल जात नाही. डेटाबेसशी जुळवणारं सॉफ्टवेअर जुळला म्हणून सांगतं, त्यात त्याची चूक नाही. पण लाल रंग देणारा माणूस तिथे बसला पाहिजे ना. हेच पान काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं असतं तर त्यांनी उद्या दुसरं औषध चालू केलं असतं.

दुसरी गोष्ट उलटी. सिप्रोसमोर हिरवं! म्हणजे प्लेटवर ठार रेझिस्टंट आणि रिपोर्टवर सेन्सिटिव्ह. मी फोन केला तेव्हा कळलं की रिपोर्ट ज्या टेम्प्लेटवर निघतो त्यात फक्त बाहेरून आलेले जीन शोधतात. सिप्रोचा रेझिस्टन्स मात्र बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही, जंतूच्या स्वतःच्याच जायर-ए आणि पार-सी या जीनमध्ये एखादं-दुसरं अक्षर बदलतं आणि औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदलून जाते. ते शोधायला सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं की हा सॅल्मोनेला आहे, सॅल्मोनेलाचे म्युटेशन बघ. मॅडमनी एएमआरफाइंडर-प्लस हे सॉफ्टवेअर त्या सेटिंगवर परत चालवलं आणि अर्ध्या तासात जायर-एमध्ये ८३ आणि ८७ नंबरला, पार-सीमध्ये ८० नंबरला बदल, सगळं निघालं, एसटी १९८ मध्ये दिसतो तसाच नेहमीचा नमुना. म्हणजे माहिती पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये होतीच, विचारलीच नव्हती. मॅडमनी माफी मागितली, पण टेम्प्लेट त्यांच्या हातात नाही म्हणे, वरून ठरतं. वरच्यांनी जरा लक्ष घाला.

म्हणून माझं स्पष्ट मत, जीनोमच्या भरवशावर डिस्क टेस्ट बंद करू नका. औषध द्यायचं का, कुठलं द्यायचं, याला प्लेट. जंतू कोण आणि कोणाचा कोण लागतो, याला जीनोम. दोन्ही जुळले तर निवांत, नाही जुळले तर फोन उचला.

कोलिस्टिनचं आवर्जून बघितलं होतं. एमसीआर-१ हा जीन २०१५ मध्ये चीनमधून रिपोर्ट झाला, डुकरं, मांस आणि मग माणसांमध्ये पण, आणि प्लाझमिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या गोलावर) असल्याने एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारतो. कोलिस्टिन म्हणजे हॉस्पिटलमधलं अगदी शेवटचं औषध, आणि आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला चालायचं. जुलै २०१९ मध्ये सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत बंदी घातली. आमच्या आयसोलेटमध्ये एमसीआर निघाला नाही, तिन्ही क्लीन, बरं वाटलं.

सोबत एक ई. कोलाय पण दिला होता, त्यात सीटीएक्स-एम-१५ हा जीन निघाला, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनला नापास. हा जीन प्लाझमिडवर आहे की क्रोमोझोमवर हे शॉर्ट रीडवरून सांगता येईना, पट्टा नेमका तिथेच तुटलेला. म्हणून त्या एकासाठी नॅनोपोरचे, म्हणजे लाँग रीडचे, पैसे भरले. लांब लांब रीड येतात, प्लाझमिड पूर्ण गोल मिळाला, जीन त्याच्यावरच बसलेला. शास्त्र म्हणून झकास, पण खरं सांगायचं तर फार्मवर यामुळे माझा एकही निर्णय बदलला नाही. रिसर्चवाल्यांनी घ्या, बाकीच्यांनी पैसे वाचवा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते, एसएनपीचं झाड, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकावरून काढलेली जंतूंची वंशावळ. तिघांचा सेरोव्हार एक, एसटी एक, डिस्कचा नमुना एक. पण अक्षराला अक्षर लावून बघितलं तर मुरबाडचा आणि शहापूरचा जंतू जवळजवळ जुळे, ४८ लाखांत दोन-तीन अक्षरांचा फरक. कर्जतचा मात्र त्यांच्यापासून शंभराच्या वर अक्षरं लांब. सॅल्मोनेलाचा जीनोम वर्षाला मोजकीच अक्षरं बदलतो, त्यामुळे शंभरचा फरक म्हणजे कर्जतचं प्रकरणच वेगळं. आणि मुरबाड-शहापूर ही दोन फार्म एकमेकांपासून लांब, कामगार वेगळे, खाद्य वेगळ्या मिलचं, माझे बूट पण नाहीत हो काका, दोन्हीकडे फूटबाथ (बूट बुडवायचं जंतुनाशक पाणी) आहे आणि शहापूरला त्या महिन्यात मी गेलोच नव्हतो.

मी उड्या मारायला लागलो होतो, पण मॅडमनी लगाम घातला. म्हणाल्या, "झाड एवढंच सांगतं की हे जवळचे नातेवाईक आहेत. कोणी कोणाला दिलं ते नाही सांगत. तुमच्याकडे पिल्लांची चलनं आहेत का?" हा प्रश्न रिपोर्टच्या सगळ्या पानांपेक्षा भारी होता. चलनं (पिल्लं आल्याच्या पावत्या) काढली, दोन्हीकडची पिल्लं एकाच हॅचरीतून, लागोपाठच्या दोन दिवसांत आलेली. कर्जतवाल्याची हॅचरी दुसरी. मग त्यांच्याच सल्ल्याने पुढच्या बॅचला पिल्लं उतरवताना बॉक्समध्ये खाली अंथरलेला कागद, ज्याच्यावर प्रवासात पिल्लांनी घाण केलेली असते, तो उचलून कल्चर केला. पिल्लाने अजून शेडमध्ये पाय पण टाकलेला नाही आणि कागदावर सॅल्मोनेला वाढला, त्याचा पण जीनोम केला, त्याच झुबक्यात जाऊन बसला.

हॅचरीवाल्याला रिपोर्ट दाखवला तर आधी आवाज चढवला, मग झाड बघून गप्प. आता सेटर-हॅचरच्या (अंडी उबवायच्या मशीनच्या) सफाईचं काहीतरी चालू केलंय म्हणतो. बघू. प्लांटने मात्र दोन्ही फार्मची लिफ्टिंग सोडली. कर्जतचं कोडं अजून आहे, तिथे मला पाण्याच्या टाकीवर संशय आहे.

डेटाबद्दल सावध राहा. डिफॉल्टमध्ये फक्त पीडीएफ देतात. फास्टक्यू म्हणजे मशीनमधून निघालेली कच्ची फाईल मागून घ्यावी लागते आणि तिची लिंक महिन्याभरात मरते. ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पीडीएफ उद्या निरुपयोगी होईल, पण कच्ची फाईल असेल तर पुढच्या वर्षीचा जंतू याच झाडात टाकता येतो, नवीन जीन सापडला तर जुन्यात परत शोधता येतो. पब्लिक डेटाबेसला टाकायचं का असंही विचारतात. शेतकरी घाबरतात, मी फार्मचं नाव काढून फक्त जिल्हा आणि वर्ष ठेवून परवानगी दिली, काकांना विचारून.

कॅम्पिलोबॅक्टरवाल्यांनी मात्र इथे जाऊ नका. तो जंतू हवेतला नेहमीचा ऑक्सिजन सहन करत नाही, यांच्याकडे वाढवायची सोय नाही, स्वतः डीएनए काढून द्या म्हणतात.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर हे कळल्यापासून जो तो विचारतोय की डॉक्टर आता चिकन खायचं की नाही. खा हो. रेझिस्टंट म्हणजे औषधाला रेझिस्टंट, गॅसला नाही, नीट आतपर्यंत शिजवलं की केंटकी असो नाहीतर कोणी, मरतोच. फक्त कच्चं चिकन नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर आणि बाजूच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि ती कोथिंबीर आपण शिजवत नाही. घरगुती शंकेसाठी कोणी सिक्वेन्सिंगला जाऊ नये, पैसे वर आलेत का.

एवढं सगळं धरून परत जाईन का, तर हो, बॉक्सचे कागद घेऊन पुढच्या महिन्यात जाणारच आहे. जाताना विश्लेषण कोण करणार ते नावानिशी विचारा, त्यांचा डायरेक्ट नंबर घ्या, म्युटेशन शोधणार का ते लेखी घ्या. बाहेर पार्किंग नाही, समोरच्या बाजूला लावलीत तर टोईंगवाले उचलतात. आणि जीएसटीचं बिल आपोआप मेलवर येत नाही, अकाउंट्सला फोन करून मागावं लागतं.